कडव्याआधीचा श्वास

“श्वास परत घ्या,” क्लाइव्ह म्हणाला.

लॉर्नाने माइकजवळ तोंड नेलं, डोळे मिटले आणि श्वास आत ओढला. रिकाम्या हॉलभर तो फिरला, पलीकडे रचून ठेवलेल्या खुर्च्यांवर आपटला आणि कुणीतरी दार लोटून घ्यावं तसा थांबला.

“सुरेख. पण तो नाहीये हा.”

“तो म्हणजे कुठला?”

“रेकॉर्डवरचा. त्याच्या शेपटाला बारीक शीळ आहे. अगदी बारीक. तुमच्या श्वासाला ती येत नाही.”

“तेव्हा माझं वय शिळा घालायचं होतं रे. आता गुडघे वाजतात, ते घे हवं तर.”

क्लाइव्ह हसला, पण कानावरचे हेडफोन काही त्याने काढले नाहीत. भला माणूस होता. रेकॉर्ड कंपनीने लीड्सहून पाठवलेला, पन्नाशीचा, सकाळपासून रांगत रांगत फरशीला वायरी चिकटवत होता. दुपारी एक वाजता कार्यक्रम होता. पस्तीस वर्षांपूर्वी ‘खुंटीवरचा कोट’ हा अल्बम ज्या हॉलमध्ये ध्वनिमुद्रित झाला, त्याच हॉलमध्ये, तीच गाणी, त्याच क्रमाने, तीच बाई पुन्हा गाणार होती आणि कंपनी ते नव्याने बाजारात आणणार होती. कंपनीला खरं तर मँचेस्टरचं मोठं नाट्यगृह हवं होतं. लॉर्ना म्हणाली, ब्रॅकनशॉचा कामगार क्लब, नाहीतर मी घरी बसते. का, ते तिने सांगितलं नाही. साहेबलोकांनी आपसात ठरवून टाकलं की म्हातारपणी गावाची ओढ लागते.

त्या श्वासाची गोष्ट अशी. अल्बमच्या शेवटच्या गाण्यात, शेवटच्या कडव्याच्या आधी, सगळी वाद्यं थांबतात, फक्त ऑर्गनचा एक सूर तरंगत राहतो, आणि मग एक श्वास ऐकू येतो. खोल, खरबरीत, कुठूनतरी फार खालून ओढून आणलेला. लंडनच्या एका वर्तमानपत्रात तेव्हा छापून आलं होतं की या गायिकेने आईच्या मरणाचं सगळं दुःख एका श्वासात बसवलं आहे. झालं. त्यानंतर जिथे जाईल तिथे लोक त्या श्वासाची वाट बघत बसायचे. गाणं एखाद वेळी बेसूर झालं तर माफ, पण श्वास हवा. हॅम्बुर्गला एका गृहस्थाने कार्यक्रमानंतर तिला गाठून, आपल्या बायकोसाठी फोनवर एकदा तेवढा श्वास घेता का, असं विचारलं होतं. तिने घेतलाही होता. पोटासाठी माणूस काय काय करतो.

पण ती शीळ तिला कधी जमली नव्हती. क्लाइव्हने आज बोलून दाखवलं एवढंच.

“लॉर्ना, तू काही काळजी करू नकोस हं!” रंगमंचाच्या बाजूच्या लाकडी खोक्यातून मॅक्सीन ओरडली. मॅक्सीन अटली ही क्लबाची आताची कार्यक्रम-चिटणीस. खोकं म्हणजे जेमतेम एक खुर्ची, एक फळी आणि फळीवर बटणाचा माइक. ती बाहीने तो माइक पुसत होती. “आज मी तोंडाला कुलूप लावलंय. बिंगो नाही, सोडत नाही, कुणाची गाडी दारात आडवी लागलीय ते नाही. आणि खिमा-पाईंचं तर नावच काढणार नाही बाई!”

वायरींवरून उड्या मारत खुर्च्या मांडणारी कमिटीची माणसं खो-खो हसली. लॉर्नाही हसली. हसायलाच हवं होतं. गावात ही गोष्ट अजून मुरलेली होती, लोणच्यासारखी.

तेव्हा त्या खोक्यात तिचे वडील बसायचे. हॉरेस क्रॅब्ट्री. आठवडाभर जमिनीखाली कोळसा खणायचा आणि रविवारी दुपारी टाय बांधून, केसांना पाणी लावून त्या फळीमागे राजासारखं बसायचं. गाणाऱ्याला पुकारायचं, बिंगोचे आकडे बोलायचे, गोंगाट वाढला की “मंडळी, शांतता राखा” असं दटावायचं, आणि बेकरीची गाडी मागच्या दाराशी लागली की गरम खिमा-पाई आल्याचं जाहीर करायचं. ही शेवटची घोषणा सगळ्यात पवित्र. स्टेजवर कुणी का असेना, लंडनचा असो की स्वर्गातून उतरलेला, पाई आल्या की हॉरेस बटण दाबणार आणि हॉल उठून रांगेत उभा राहणार. एका जादूगाराची बाई पेटीत अर्धी कापलेली असताना त्याने पाई पुकारल्या होत्या. बाई पेटीतून विचारत होती म्हणे, माझ्यासाठी एक ठेवा.

लॉर्नाला गाणं त्याच्यामुळेच लागलं. बार्न्सलेच्या बाजारातून तो जुन्या अमेरिकन रेकॉर्ड आणायचा. कापसाच्या शेतांतून, कारखान्यांच्या वस्त्यांतून आलेली गाणी. ऐकता ऐकता छातीवर मूठ ठेवून म्हणायचा, “कापूस काय नि कोळसा काय पोरी, छातीत जातं ते सारखंच.” ती तशी गायला लागली तेव्हा गाव तिला चिडवायचं, हा आवाज तुला कुठे गं सापडला, बार्न्सलेच्या बसमध्ये? हॉरेस चिडवायचा नाही. तो खोक्यातून तिला पुकारायचा तेव्हा आडनाव घ्यायचा नाही. नुसतं “आपली लॉर्ना” म्हणायचा.

मग आई गेली. आईचा हिरवा कोट मागच्या दाराच्या खुंटीवर राहिला. कुणी तो काढला नाही. हॉरेस कामावरून आला की त्याच कोटावर आपली टोपी अडकवायचा, जशी रोज अडकवायचा. लॉर्नाने त्यावर गाणं लिहिलं. कंपनीने अल्बम करायचं ठरवलं तेव्हा तिनेच हट्ट धरला की स्टुडिओत नको, आमच्या क्लबात, आमच्या माणसांसमोर. ते शेवटचं गाणं तिने बापाला आधी ऐकवलं नव्हतं. तिथेच ऐकू दे, असं तिला वाटलं होतं. वाटलं होतं, तो ऐकेल आणि काहीतरी बोलेल. दोन वर्षं घरात कोटाबद्दल कुणी काही बोललं नव्हतं.

तो बोलला. शेवटच्या कडव्याच्या आधी, वाद्यं थांबली असताना, खोक्यातून त्याचा आवाज आला, “मंडळी. गरम पाई आल्यात. रांगेनं या. ढकलाढकली नको.”

आणि हॉल उठला. खुर्च्या करकरल्या. आईवरचं शेवटचं कडवं लॉर्ना लोकांच्या पाठींना गायली.

नंतर बारपाशी, सगळ्यांदेखत, ती त्याला म्हणाली होती, “आई मेली बाबा. आणि तुम्हाला पाई सुचतात.”

त्याने टायची गाठ सैल केली. “लोकांना भूक लागते, पोरी,” एवढंच म्हणाला.

पुढे शेफील्डला, ध्वनिमुद्रण कापायला बसली तेव्हा तिने जराही विचार केला नाही. लेन म्हणून एक जुना तंत्रज्ञ होता, ब्लेडने टेप कापायचा. “हे काढ,” ती म्हणाली. त्याने हॉरेसचा आवाज नेमका कापला. ‘मंडळी’पासून ‘नको’पर्यंत, आणि मागची खुर्च्यांची करकर. मग टोकं जोडताना थांबला. “तुझा श्वास ठेवतो गं इथला. फार छान आलाय. त्याच्यावरच शेवटचं कडवं जोडतो.” तिथे आपण श्वास घेतल्याचं तिला आठवत नव्हतं. पण श्वास कोण आठवणीत ठेवतं? ती म्हणाली, ठेव. कापलेली पट्टी टेबलावर पडली होती, तपकिरी, वीतभर गुंडाळ्यांची. तिने आपल्या हाताने ती केराच्या टोपलीत टाकली.

बापलेकीचं भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं होतं. ती लंडनला राहायला गेली, सणाला फोन करायची, आणि दोघं पावसाबद्दल बोलायची. पाच वर्षांनी तो गेला तेव्हा ती हॉलंडमध्ये गात होती. घर आवरायला आली तर कोट खुंटीवरच होता. कसर लागलेला, आणि त्याच्यावर टोपी.

गेल्या वर्षी कंपनीचा फोन आला तेव्हा तिने पहिला प्रश्न हाच विचारला होता, न कापलेली टेप कुठे असेल का? त्यांनी शोधलं, नाही सापडली. मग तिने स्वतः शोधलं. गावात, नात्यात, कुणाच्या लग्नाच्या ध्वनिमुद्रणात, कुणाच्या बारशाच्या. फोनच्या यंत्रावर निरोप ठेवायची वेळ आली की हॉरेस गप फोन ठेवून द्यायचा, यंत्राशी काय बोलायचं म्हणून. दर रविवारी दोनशे माणसांसमोर बोलणारा माणूस, आणि त्याच्या आवाजाचा एक शब्द जगात कुठे शिल्लक नव्हता. होता तो तिने केरात टाकला होता. म्हणून तिला हा क्लब हवा होता. निदान ते खोकं तरी तिथे होतं. तिला वाटत होतं, शेवटच्या गाण्याआधी माइकवरून दोन शब्द बोलावेत, त्याचं नाव घ्यावं, ते रेकॉर्डवर यावं. दोन शब्द कोणते, ते मात्र अजून सुचले नव्हते.

“चहा घेऊन या जा,” क्लाइव्ह म्हणाला. “मग शेवटचं एकदा बघू.”

स्वयंपाकघरात ऑड्रीमावशी पाईबरोबर वाढायचे वाटाणे ढवळत होती. ऑड्री बूथरॉइड. ब्याऐंशीची, कमरेत वाकलेली, पण पळी अजून तिच्याशिवाय कुणाच्या हातात देत नव्हती. नात्याने कुणाचीच मावशी नव्हती ती. त्या गल्लीतल्या सगळ्याच पोरांची होती.

“आलीस का राणीसाहेब? किटली तिथेय. दूध कमी घाल, पाहुण्यांना पुरलं पाहिजे.”

“मावशी, हे वाटाणे कधीपासून शिजतायत?”

“तुझा जन्म झाला तेव्हापासून. बस.”

लॉर्ना उलट्या बादलीवर बसली. दोन्ही हातांत कप धरला. भट्टी थंड होती, तिची दारं उघडी.

“पाई?”

“अडीचला येणार गाडी. मुद्दाम उशिरा सांगितलंय. तुझं सगळं आटपल्यावर. मॅक्सीननं मला दम भरलाय, भांडं वाजलं तरी जीव घेईन म्हणून.” ऑड्रीने पळी चाटली, मीठ घातलं. “बाहेर काय फुसफुस चाललीय मघापासून तुमची? सायकलच्या चाकात हवा भरताय का?”

“तो श्वास, मावशी. रेकॉर्डवरचा. तसा येत नाहीये.”

“कसा येईल?” ऑड्री म्हणाली. “तो तुझा कुठेय.”

लॉर्नाने कप खाली ठेवला नाही, वरही नेला नाही.

“म्हणजे?”

“हॉरेस म्हणायचा की. तुला माहीत नाही?” ऑड्री वळली. “रेकॉर्ड आली ना तुझी, तेव्हा त्यानं अख्खी कमिटी बोलावली होती ऐकायला. रविवारी सकाळी. टाय बांधून. आठवडाभर सांगत सुटला होता, रेकॉर्डवर मी पण आहे, लेकीच्या रेकॉर्डवर. सगळे बसले बारपाशी. गाणी झाली. ते शेवटचं लागलं. सगळे त्याच्या तोंडाकडे बघतायत, आता येईल, आता येईल. आणि आलंच नाही.”

बाहेर क्लाइव्हने कुठलंतरी बटण दाबलं असावं. हॉलमध्ये एक चिरका आवाज येऊन थांबला.

“टॉमी रज म्हणाला, ‘काय रे हॉरेस, तू कुठे गेलास? पाई आणायला?’ मेले हसून हसून लोळले. मी पण हसले, खोटं कशाला बोलू? हॉरेस उठला, सुई मागे घेतली, परत लावली. म्हणाला, ‘हा बघा. हा श्वास. हा मी.’ मग तर आणखीच हसले. पण तो आपला सुई मागे घेतोय, परत लावतोय. शेवटी टॉमीच म्हणाला, जाऊ दे रे आता, ओरखडा पडेल.”

“मग?”

“मग काय. म्हणाला, ‘माझ्या आवाजाशिवायच बरं लागतंय. पोरीला कळतं.’ आणि ग्लास धुवायला गेला. त्यानंतर रविवारी हॉल झाडून झाला की एकटाच लावायचा कधीकधी. तेवढंच. फुस्स. आणि बंद.”

वाटाण्यांना बुडबुडे येत होते, फुटत होते.

“मला कुणी सांगितलं नाही,” ती म्हणाली.

“तू थांबलीस कधी? आलीस तरी टॅक्सी दारात उभी.” ऑड्रीचा आवाज तिखट नव्हता, नुसता खरा होता. तिने पळी भांड्याच्या काठावर ठेवली. “एक सांगू का? मी तुझ्या बापाला त्या दिवशी लई शिव्या घातल्या होत्या. गाण्यासाठी नाही. मला गाण्यातलं काय कळतंय. पाईंसाठी.”

“पाईंसाठी?”

“अगं, पाई आल्याच नव्हत्या.”

लॉर्नाने वर पाहिलं.

“गाडी यायला अजून अर्धा तास होता. माझ्याकडे नुसते वाटाणे. आणि हा पुकारून मोकळा! दोनशे माणसं ताटल्या घेऊन माझ्या खिडकीत. मी तशीच पळी घेऊन गेले खोक्यापाशी. म्हटलं, हॉरेस, डोकं फिरलं का तुझं? तर तो भिंतीकडे तोंड करून बसलेला. खांदे असे.” ऑड्रीने आपले खांदे हलवून दाखवले. एवढंसं. “म्हणाला, उठायला गेलो, तोल गेला, फळी धरली तर हात बटणावर पडला. श्वास माइकमधून सगळ्या हॉलभर गेला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. काहीतरी बोलायला हवं होतं, ऑड्री.”

ती पुन्हा ढवळू लागली.

“त्याला दुसरं काय बोलता येत होतं त्या माइकवर? बिंगो नाहीतर पाई.”

लॉर्ना हॉलमध्ये परत आली तेव्हा खुर्च्या मांडून झाल्या होत्या. क्लाइव्ह टेबलाशी सँडविच खात होता.

“जुनी रेकॉर्ड आहे का तुझ्याकडे? ती जागा लाव,” ती म्हणाली.

त्याने काही न विचारता हेडफोन तिच्या डोक्यावर बसवले. आपलीच रेकॉर्ड तिने कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. गाणारी माणसं ऐकत नाहीत. हलवायाने आपलीच मिठाई खाऊ नये तसं. ऑर्गनचा सूर आला, तरंगत राहिला. मग एक लहानशी खट्ट, जी तिने कधी ऐकलीच नव्हती. मग तो.

लहानपणी, रात्री जिना चढताना हॉरेस चौथ्या पायरीवर थांबायचा. ती वर अंथरुणात पडून ऐकायची. आधी बूट, मग कठड्याचं लाकूड, मग खालून वर येणारा तो लांब खरबरीत ओढा, आणि शेवटी, धुळीने भरलेल्या छातीतून वाट काढत, दाराच्या फटीतून वारा यावा तशी बारीक शीळ. ती ऐकू आली की तिला कळायचं, बाबा आले, आता झोपायला हरकत नाही.

“परत?” क्लाइव्हने खुणेने विचारलं.

तिने मान हलवली. हो, परत. मग पुन्हा, हो.

“आहे ना शीळ?” तो हळूच म्हणाला.

“आहे.”

“जमेल?”

तिने हेडफोन काढून, वायर नीट गुंडाळून त्याच्या हातात दिले.

एक वाजता हॉल भरला. मॅक्सीनने एकच वाक्य बोलून पुकारलं आणि खोक्यात हाताची घडी घालून बसली. लॉर्ना चांगली गायली. आवाज आता जाड झाला होता, वरच्या पट्टीत जायचा नाही, पण जिथे जायचा तिथे नांगर टाकून उभा राहायचा. पुढच्या रांगेत टॉमी रज होता, काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून. हसून हसून लोळलेल्या कमिटीवाल्यांपैकी तो एकटाच उरला होता. त्याच्याकडे पाहून तिला राग यायला हवा होता. तो ओठ हलवून प्रत्येक गाणं तिच्याबरोबर म्हणत होता.

शेवटच्या गाण्याआधी तिने पाण्याचा घोट घेतला. दोन शब्द बोलायची जागा ती हीच. ती माइकपाशी आली, खोक्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि ऑर्गनवाल्याला वाटलं सुरू करायचं आहे. त्याने सूर लावला. राहिलं.

कोटाचं गाणं गावात सगळ्यांना पाठ होतं. मागचं दार, खुंटी, हिरवा कोट, त्याच्या खिशात परतीचं बसचं तिकीट. तिसऱ्या कडव्यात कोटावर टोपी येते. पस्तीस वर्षं ती ते कडवं बापावरचा राग म्हणून गात आली होती. मेलेल्या बायकोच्या कोटावर टोपी टांगतो, काही वाटत नाही याला. आज त्या ओळीवर तिचा आवाज एकदम खाली आला, जसा झोपलेल्या माणसाच्या खोलीत येतो.

वाद्यं थांबली. ऑर्गनचा सूर एकटा उरला. हॉल पुढे झुकला. क्लाइव्हने डोळे मिटून हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबले. मॅक्सीनने फळीवरचे हात उचलून मांडीवर ठेवले, चुकून काही लागायला नको.

लॉर्नाने श्वास ओढला.

तो अर्ध्यावर अडकला, मग फाटत फाटत वर आला, आणि त्याच्या अगदी शेवटाला काहीतरी बारीक वाजलं. क्लाइव्हचे डोळे उघडले.

पण कडवं आलं नाही. तिने ओठ हलवले. ऑर्गनवाला सूर धरून राहिला, तिच्याकडे पाहिलं, सूर फिरवून परत त्याच जागी आणून ठेवला. परत फिरवला. दोनशे माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती. तिने माइकचा दांडा घट्ट धरला. काहीतरी बोलायला हवं होतं.

“मंडळी,” ती म्हणाली.

आवाज तिचाच होता आणि नव्हता.

“गरम पाई आल्यात. रांगेनं या. ढकलाढकली नको.”

मॅक्सीनचा हात तोंडावर गेला. मग पुढच्या रांगेत टॉमी रजने काठी टेकली, गुडघ्यावर जोर देऊन उठला, टोपी काढून काखेत धरली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीकडे चालू लागला. त्याच्यामागे त्याची सून उठली. मग एकेक करून सगळे. खुर्च्या करकरल्या. क्लाइव्हने यंत्राकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला. लाल दिवा चालू राहिला.

खिडकीत ऑड्रीने आधी घड्याळ पाहिलं, मग थंड भट्टी, मग ताटल्या घेऊन उभी राहिलेली रांग. रांगेच्या वरून तिला रंगमंच दिसत होता. लॉर्ना भिंतीकडे तोंड करून उभी होती.

आज ऑड्री काही बोलली नाही. तिने ॲप्रनची गाठ घट्ट केली, पळी घेतली आणि टॉमीच्या ताटलीत वाटाणे वाढले. थोडेसेच, सावकाश, गाडी येईपर्यंत पुरतील असे.